मागून वारा होता

१

चौदा तास लागतात. तिकडच्या विमानतळावरून विमान उडालं की इकडे चाकं टेकेपर्यंत चौदा तास. मध्ये थांबा नाही, खाली उतरून पाय मोकळे करायची सोय नाही. बारा हजार किलोमीटरच्या वर अंतर, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त नुसतं पाणी. म्हाताऱ्याला हे पाठ होतं आणि दर वेळी आठवलं की त्याचं डोकं फिरायचं. उभा जन्म त्याने ट्रक चालवला होता. बारा हजार किलोमीटर म्हणजे काय ते त्याच्या कमरेला विचारावं. एवढा रस्ता माणसाने बसल्या जागी, गुडघे पोटात घेऊन काढायचा, आणि त्याला म्हणायचं प्रवास. पोरगा तिकडे राहायला गेला हेच मुळात म्हाताऱ्याला मान्य नव्हतं. पण त्याला काय मान्य होतं? लिफ्ट मान्य नव्हती, पातळ चहा मान्य नव्हता, स्वतःचा डावा गुडघा मान्य नव्हता.

ट्रक सुटला, पण सवयी सुटल्या नाहीत. कुठलीही गाडी दारात आली की तो आधी तिच्या चाकाला उलटा हात लावून बघायचा. ड्रायव्हर काहीही सांगेल, रात्रभर चालवली म्हणेल, वाट वाईट होती म्हणेल. चाक गार लागलं की समजायचं, झाडाखाली झोपला होता.

म्हातारीचीही एक सवय होती. नवऱ्याची गाडी रस्त्यावर असेपर्यंत ती त्याचं ताट मांडत नसे, अंथरूण घालत नसे, आणि कोणी विचारलं तर ‘येतायत’ म्हणे. ‘आले’ म्हणत नसे. गाडीच्या अड्ड्यावरच्या सगळ्याच बायका हे पाळायच्या. का पाळायच्या ते एकीनेही कधी सांगितलं नाही. पुढे ट्रक गेला, विमान आलं, म्हातारीने नियम तोच मुलाला लावला. विमान टेकल्याचा फोन येईपर्यंत घरात त्याचं काही मांडायचं नाही.

या खेपेला मुलगा तीन वर्षांनी येत होता. परवा म्हातारीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तिला आता माणसाचा आकार तेवढा दिसायचा, तोंड दिसत नसे. आवाजावरून आणि हाताने चाचपून ती घर चालवायची. पहाटे अंधार होता तेव्हा फोन आला.

“बाबा, बसलो. दारं लावतायत. आईला सांगा.”

“सांगतो. झोप काढ.”

“या सीटवर माणूस झोपेल का? बरं, ठेवतो.”

फोन ठेवला गेला, आणि चौदा तास सुरू झाले.

२

सकाळपासून सगळं बिनसलं. दूध उतू गेलं. नळाचं पाणी दोरीसारखं बारीक येत होतं. लिफ्ट बंद पडल्याचं खालून कोणीतरी ओरडून सांगितलं, जसा काही म्हाताऱ्यानेच तिचा दोर कापला होता. आणि करायला काही नाही. नुसतं खुर्चीत बसून घड्याळाकडे बघायचं. रस्त्यावर असताना त्याला वेळ कळायचा, कारण वेळेबरोबर रस्ता सरकायचा. घरात बसून वेळ काढायचा म्हणजे इंजिन चालू ठेवून गाडी उभी करण्यासारखं.

तो उठला, कपाटातून मुलाची चादर काढली आणि आतल्या खोलीतल्या पलंगावर घालायला लागला. चादरीच्या फटकाऱ्याचा आवाज म्हातारीने बरोबर ओळखला.

“अहो, ठेवा ती खाली. अजून वर आहे तो.”

“वर आहे म्हणून काय, खाली आल्यावर जमिनीवर झोपणार आहे?”

“उतरला की घालू. मी घालीन.”

“तू घालणार? तुला चादर कुठली आणि पायपुसणं कुठलं ते दिसतं तरी का?”

हे बोलायला नको होतं. ते त्यालाही कळलं, पण त्याचं तोंड एकदा सुटलं की उतारावरच्या गाडीसारखं सुटायचं. म्हातारी गप्प झाली. ती गप्प झाली याचाच त्याला जास्त राग आला. त्याने चादर घातली, उशी थोपटली. मग स्वयंपाकघरात जाऊन मुलाचं ताट काढलं आणि टेबलावर आपटलं. वाटी ठेवली, पेला ठेवला.

“हे बघ, मांडलं. झालं का काही? आभाळ पडलं?”

“तोंड आवरा हो,” म्हातारी हळूच म्हणाली.

“आवरतो कशाला. आता दारही उघडतो.” त्याने खरोखरच जाऊन बाहेरचं दार सताड उघडलं आणि रिकाम्या व्हरांड्यात मोठ्याने म्हणाला, “ये रे बाबा. ये आत एकदाचा. तुझ्या आईचा जीव टांगणीला लागलाय.”

समोरच्या दारात शिवणवाली मशीनवर बसलेली होती. तिचं दार दिवसभर उघडंच असायचं, उजेडासाठी. तिने तोंडातली टाचणी काढली.

“आला का काका मुलगा?”

“आला,” म्हातारा म्हणाला. “बसलाय बघ ताटावर.”

मशीन पुन्हा सुरू झालं. म्हातारीने गॅस बंद केला. म्हातारा टॉवेल घेऊन अंघोळीला गेला, आणि पाण्याच्या त्या दोरीखाली उभा राहून त्याने नगरपालिकेचा उद्धार केला.

३

डोकं पुसत तो बाहेर आला तेव्हा स्वयंपाकघरात दोघं बोलत होती.

आधी त्याला वाटलं शिवणवाली आली असेल. मग पुरुषाचा हसल्याचा आवाज आला. हसणं ओळखीचं होतं म्हणूनच तो दारात थबकला.

मुलगा ताटावर बसला होता. म्हातारी अंडी तव्यावरून थेट त्याच्या ताटात घालत होती, आणि तिचा दुसरा हात त्याच्या खांद्यावर होता. उजेड खिडकीतून टेबलावर आला होता. सगळं धडधडीत दिसत होतं. भूतबित दिसायचं तर अंधार लागतो, इथे तर पेल्यावरचे बोटांचे ठसे दिसत होते.

“आलो बाबा,” तो म्हणाला.

“कसा?”

“विमानाने.”

“मला शिकवू नकोस. पहाटे बसलास ना तू?”

“लवकर पोचलो.” त्याने पाव तोडला. “मागून वारा होता.”

“बेल वाजली नाही ती?”

“दार उघडंच होतं ना,” म्हातारी म्हणाली. तिचा आवाज असा हलका झाला होता की तीन वर्षांत तो आवाज म्हाताऱ्याने ऐकला नव्हता. “तुम्हीच उघडून ठेवलंत. आता उलटतपासणी नको. दमून आलाय पोरगा.”

दमून? म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. लांबून आलेला माणूस त्याने आयुष्यभर पाहिला होता. त्याचे डोळे तांबारलेले असतात, ओठ सुकलेले असतात, पाय बुटात मावत नाहीत, आणि कोणी काही विचारलं की तो खेकसतो. इथे इस्त्रीची घडी मोडली नव्हती. गाल गुळगुळीत होते. आणि खेकसणं तर सोडाच, ताटावरून मान वर करून तो म्हाताऱ्याकडे हसऱ्या तोंडाने बघत होता, पुढचा प्रश्न यावा म्हणून.

“विमानात काय दिलं खायला?”

“देतात तेच.”

“काय देतात?”

त्याने म्हातारीकडे बघितलं. “आई, काय देतात गं?”

“भात देतात की. मागच्या वेळी म्हणाला होतास, भात दगडासारखा असतो.”

“भात दिला,” तो म्हणाला. “दगडासारखा.”

म्हातारी हसली. म्हाताऱ्याच्या ओल्या पाठीवर काटा आला. त्याने स्वतःला शिवी घातली. तीन वर्षांनी पोरगा घरी येतो आणि बाप हवालदारासारखा भाताची चौकशी करतो. विमानं आता वेगाने जात असतील. रोज नवीन काहीतरी निघतं. आपल्याला काय कळतंय?

तो टॉवेल वाळत घालायला आतल्या खोलीत गेला. पलंगाशेजारी बॅग उभी होती, तपकिरी. मुठीला म्हातारीने बांधलेली लाल चिंधी, विमानतळावरच्या पट्ट्यावर बॅग लगेच ओळखता यावी म्हणून. सवयीने तो वाकला आणि बॅगेच्या चाकाला उलटा हात लावला. गार. आता बॅगेचं चाक गरम असतं का कधी, असं स्वतःलाच म्हणत तो उठला आणि त्याची नजर कपाटावर गेली.

कपाटावर धूळ होती. धुळीत एक लांबट चौकोन स्वच्छ होता. मुलगा पहिल्यांदा तिकडून आला तेव्हा आणलेली जुनी बॅग तिथे इतकी वर्षं पडून होती. तीच ही.

त्याने कपाट उघडलं. मुलाचा मागे राहिलेला निळा शर्ट लावायचा हँगर रिकामा होता. बाहेर ताटावर बसलेल्याच्या अंगात निळा शर्ट होता.

बारा हजार किलोमीटरवरून आलेला माणूस या घरातलंच सगळं घेऊन आला होता. बाहेरचं त्याच्यापाशी काही नव्हतं. धूळसुद्धा नाही.

४

मुलाचा फोन लावला तर एक बाई सांगत होती की तो संपर्काच्या बाहेर आहे. विमानतळाच्या चौकशीला लावला तर आधी गाणं वाजलं, मग दुसरी बाई आली.

“विमान वेळेवर आहे, सर.”

“कुठे आहे?”

“वेळेवर आहे.”

“अहो बाई, वेळेवर हे काय गावाचं नाव आहे? उतरलं की नाही ते सांगा.”

“उड्डाणात आहे, सर. अजून काही मदत करू शकते?”

“अजून म्हणजे? आधी कुठली केलीत?” त्याने फोन ठेवला आणि पायजम्यावरच समोर शिवणवालीच्या दारात गेला. तिच्या फोनवर विमानं दिसायची. तिचा नवरा जहाजावर होता, तिला आभाळात आणि पाण्यात काय चाललंय ते बघायचा नाद होता. तिने विमानाचा नंबर विचारला. तो म्हाताऱ्याला पाठ होता.

“हे बघा. समुद्रावर आहे.” निळ्याभोर पाण्यावर तांदळाएवढं विमान होतं. “नऊ तास राहिलेत.” मग तिच्या लक्षात आलं. “पण काका, मुलगा आला म्हणालात ना? मघाशी आवाजही ऐकला मी. मग विमानात कोण आहे?”

“तेच बघतोय.”

दोन्ही दारं उघडी होती. व्हरांड्यापलीकडून म्हातारीचा आवाज आला, “अजून घे रे थोडं,” आणि चमचा ताटाला लागल्याचा आवाज.

“अगं बाई,” शिवणवाली म्हणाली. “दहा झाले.”

“काय दहा?”

“तास. नऊ होते, आता दहा राहिले म्हणतंय. समोरून वारा असेल.”

म्हाताऱ्याने तो फोन हातात घेतला आणि टायरमधला खिळा शोधावा तसा डोळ्यांजवळ धरला. विमानाचं तोंड इकडेच होतं. पलीकडे म्हातारी म्हणाली, “जा, पड जरा. बाबांनी चादर घातलीय तुझी.” खुर्ची सरकली. आतल्या खोलीत पलंग कुरकुरला.

दहाचे बारा झाले.

“बंद पडलंय तुझं यंत्र,” म्हातारा म्हणाला. आवाज चढलेलाच होता. “भंगार आहे. नवऱ्याला सांग, दुसरं पाठव म्हणावं.”

“नाही हो काका, बाकीची विमानं बरोबर चाललीत. हे बघा, हे उतरलंसुद्धा. तुमचंच तेवढं…” तिने बोट लावून चित्र मोठं केलं. “पुढे चाललंय हो. पण समुद्र संपतच नाहीये.”

म्हाताऱ्याला त्या क्षणी एकच गोष्ट सुचली, ड्रायव्हरला सुचते ती. टाकी. विमानाची टाकी केवढी असते? ट्रकचं डिझेल संपलं तर तो रस्त्याकडेला घेता येतो, कॅन घेऊन चालत जाता येतं. पाण्यावर कडेला कुठे घेणार?

५

आत गेला तेव्हा तो पलंगावर आडवा झाला होता. डोळे उघडे, हात छातीवर. म्हातारी उशाशी बसून त्याच्या केसांतून हात फिरवत होती.

“ऊठ,” म्हातारा म्हणाला.

“अहो…”

“तू मध्ये पडू नकोस. ऊठ रे. कुठून आलास?”

तो शांतपणे उठून बसला. “तुम्ही बोलावलंत.”

“मी माझ्या मुलाला बोलावलं.”

“तुम्ही म्हणालात, ये आत. आलो. तुम्ही म्हणालात, आला.” त्याच्या आवाजात ना राग होता ना भीती. मुलगा असता तर एव्हाना दोघं एकमेकांच्या अंगावर धावले असते. मुलाने बापाचं तोंड घेतलं होतं. “बाबा, मी जाऊ का?”

हे त्याने म्हातारीकडे बघून विचारलं. म्हातारीने त्याचा हात घट्ट धरला.

“कुठे जातोस? हे असेच आहेत, तुला माहीत नाही का? परवा माझं ऑपरेशन. जायचं नाही.”

दारात शिवणवाली येऊन उभी होती, हातात फोन. “काका, सोळा झाले,” ती कापऱ्या आवाजात म्हणाली. “उडालं तेव्हा चौदाच होते ना?”

म्हाताऱ्याने पलंगावरची चादर खेचली. तो उठून बाजूला झाला तशी ती हातात आली. त्याने तिचा बोळा करून कपाटात कोंबला. स्वयंपाकघरात जाऊन मुलाचं ताट उचललं, उष्टं तसंच बादलीत टाकलं, ताट पालथं घातलं. म्हातारी त्या आवाजाने ताडकन उठली.

“पोराच्या ताटावर हात टाकलात?”

“ते पोरगं नव्हे. डोळे गेलेत तुझे, हातही गेले का? हात धरलायस ना त्याचा? सांग कसा लागतो.”

म्हातारीने त्या हाताची बोटं चाचपली. तो तिच्या बाजूला उभा होता आणि त्याचा हात तिच्या हातात होता.

“गार आहे,” ती म्हणाली. “मघाशीच कळलं मला. खांद्यावर हात ठेवला तेव्हाच.”

“मग?”

“मग काय? तीन वर्षं फोनवर नुसता आवाज. आवाजाला हात लावता येत नाही. हा गार असेल, पण हाताला लागतो. इथे आहे.”

“आणि तो वर लटकलाय, पाण्यावर. त्याचं काय?”

“तो पोचेल याची खात्री आहे तुम्हाला?” हे म्हातारीने विचारलं नाही. त्याने विचारलं, मुलाच्या आवाजात, अगदी मायेने. “मला घालवलंत आणि तोही आला नाही तर? मी तर आलेलो आहे.”

म्हाताऱ्याने आयुष्यात पुष्कळ माणसांना शिव्या दिल्या होत्या, पण त्या तोंडाला शिवी देताना त्याची जीभ अडखळली. ते तोंड त्याने खांद्यावर घेऊन फिरवलं होतं. मग त्याला टाकी आठवली आणि तो असा ओरडला की खालच्या मजल्यावर कोणीतरी खिडकी लावून घेतली.

“म्हण,” तो म्हातारीला म्हणाला. “ही दारात उभी आहे, तिला सांग. माझी गाडी रस्त्यावर असताना काय सांगायचीस? ते सांग. मी म्हणून भागायचं नाही, मी मघाशी जीभ विटाळलीय. तू म्हण.”

म्हातारीचे ओठ हलले. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, नाक, हनुवटी, आंधळ्या माणसाने वाचावं तसा. मग तिने शिवणवाली होती त्या बाजूला मान वळवली.

“माझा मुलगा आला नाही अजून,” ती म्हणाली. “येतोय.”

आणि तिने हात सोडला.

शिवणवाली भिंतीला चिकटली, तो तिच्यासमोरून दाराबाहेर गेला. म्हाताऱ्याने दार लावलं, कडी घातली. व्हरांडा संपतो तिथे जिना, पण जिन्यावर पावलं वाजली नाहीत. म्हाताऱ्याने दाराच्या भिंगाला डोळा लावला. बाहेर कोणीतरी पाठमोरं उभं होतं, समोरच्या भिंतीकडे तोंड करून. निळा शर्ट तोच होता. पण पाठ मुलाची राहिली नव्हती. जराशी वाकली होती. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आला होता. ही पाठ कोणाची ते म्हाताऱ्याला आठवेना. खूप जवळच्या कोणाची तरी असावी असं वाटलं, आणि कधीच पाहिली नाही असंही वाटलं.

“पंधरा,” शिवणवाली त्याच्यामागे म्हणाली. “काका, तेरा. नऊ झाले.”

त्याने पुन्हा बघितलं तेव्हा व्हरांडा रिकामा होता. आतल्या खोलीतली बॅग उचलली तर ती रिकामी होती.

६

संध्याकाळी, उन्हं अजून भिंतीवर होती तेव्हा फोन आला.

“उतरलो बाबा. काय सांगू तुम्हाला, कंबर गेली. निम्म्या वाटेत विमान नुसतं थरथरत होतं. पायलट म्हणे समोरून वारा आहे. बायका रडायला लागल्या होत्या.”

“आता गाडीत बस आणि ये. फोनवर पैसे जाळू नकोस.”

फोन ठेवल्यावर म्हातारा कितीतरी वेळ तिथेच भिंतीला हात लावून उभा राहिला. म्हातारीने डोळे पुसले आणि चादर मागितली. त्याने दिली. या वेळी तो तिला काही बोलला नाही.

टॅक्सीचा हॉर्न वाजला तसा तो दार उघडून खाली निघाला. व्हरांड्यात कोणी नव्हतं. तीन मजले तो एक हात कठड्यावर ठेवून, प्रत्येक पायरीला दूषण देत उतरला. टॅक्सीजवळ मुलगा उभा होता. डोळे तांबडे, दाढी वाढलेली, शर्टावर काहीतरी सांडलेलं, बुटांचे बंद सोडलेले. सुजलेले पाय बुटांतून वर आले होते.

“बाबा, लिफ्ट बंद? आताच बंद पडायची होती? दर वेळी हेच.”

तो खेकसला. म्हाताऱ्याला इतकं बरं वाटलं की त्याने मुलाच्या पाठीत धपाटाच घातला. मग टॅक्सीच्या चाकाला उलटा हात लावला. गरम. बॅगेच्या चाकात कुठली तरी काळी माती अडकली होती, इथली नव्हे.

“वर जा. आई थांबलीय. बॅग मी आणतो.”

“तुमचा गुडघा…”

“माझ्या गुडघ्याची काळजी तिकडून करायची नाही. जा.”

मुलगा वर गेला. म्हाताऱ्याने टॅक्सीवाल्याला विचारलं, कुठल्या रस्त्याने आलास. टॅक्सीवाल्याने सांगितलं. झालं. म्हाताऱ्याने त्याला तो रस्ता केवढा लांब पडतो ते समजावून दिलं, पुलाखालचा रस्ता दाखवला, आणि तो ‘काका, तुम्ही चालवा मग’ म्हणाला तेव्हा तुझ्या बापालाही मी चालवायला शिकवलं असतं, असं सुनावलं. दिवसभराचा राग त्याला कुठेतरी ओतायचा होता आणि टॅक्सीवाला सापडला होता. चांगलं मनसोक्त भांडण झालं. टॅक्सी धूर सोडत गेली तेव्हा त्याला हलकं वाटलं.

मग तो बॅग घेऊन तीन मजले चढला. अर्ध्या वाटेत थांबून दम खाल्ला.

७

दार अर्धवट उघडं होतं. शिवणवालीचं दार प्रथमच बंद होतं.

तो बॅग ढकलत उंबऱ्याशी आला आणि आतून हाक मारणार एवढ्यात त्याला खोकल्याचा आवाज ऐकू आला. कोरडा, तीनदा, शेवटी घसा खाकरून. तो त्याचाच खोकला होता. तो तर इथे उभा होता आणि खोकला नव्हता.

“खरं सांगू का,” आत मुलगा म्हणत होता, हसत होता, “मला कळलंच नाही. तुम्हाला खाली टॅक्सीपाशी सोडलं, वर येतो तर तुम्ही दाराबाहेर पाठमोरे उभे. म्हटलं, बाबा, इथे काय उभे राहिलात, चला आत. पण माझ्या आधी वर आलात कसे, या गुडघ्याने?”

“मागून वारा होता,” म्हाताऱ्याच्या आवाजात कोणीतरी म्हणालं.

दारापासून खोलीपर्यंत घरात एक अरुंद बोळ होता. चार ढांगांचा. बोळाच्या टोकाला त्याची खुर्ची दिसत होती, पाठीमागून. खुर्चीत कोणीतरी बसलं होतं. पाठ जराशी वाकलेली. स्टिअरिंगवर जन्म काढलेल्या माणसाचा असतो तसा एक खांदा खाली. आता म्हाताऱ्याला ती पाठ ओळखू आली. आपली पाठ माणसाला कधी दिसत नाही, म्हणून सकाळी आठवली नव्हती.

म्हातारी स्वयंपाकघरातून आली. तिने चाचपडत त्या खांद्यावर हात ठेवला. हात क्षणभर तिथे थांबला. म्हाताऱ्याने श्वास धरला. तिला कळणार. सकाळीही कळलं होतं.

“आलात ना?” ती म्हणाली. तिच्या शेजारी मुलगा उभा होता, खराखुरा, गरम, घामेजलेला, तिचा दुसरा हात त्याच्या हातात होता. आज तिला अजून कोणाला घालवायची ताकद राहिली नसावी. “आज भांडण पुरे. बसा शांत. ताट मांडते.”

“बरं,” तो म्हणाला. किती गोड म्हणाला. म्हातारीला लग्नापासून असं ‘बरं’ कोणी म्हटलं नव्हतं.

म्हाताऱ्याने हाक मारली. तिचं नाव त्याने जन्मात चारचौघांत घेतलं नव्हतं, ते घेऊन मारली. कोणी मागे बघितलं नाही. तो आत शिरला. चार ढांगा टाकल्या. खुर्ची होती तिथेच होती. त्याने आणखी टाकल्या. भिंतीवरचा दिव्याचा खटका त्याच्या बाजूने गेला. मग पुन्हा भिंत, नुसती भिंत, तोच पिवळा रंग, तोच पोपडा. टोकाला ती तिघं दिसत होती, आता तांदळाएवढी.

आत ताट ठेवल्याचा आवाज झाला. वाटी. पेला.

त्याच्या मस्तकात अशी तिडीक गेली की गुडघा दुखायचा थांबला. उभ्या जन्मात एवढा राग त्याला कोणाचा आला नव्हता, आणि त्याच्या रागाचा धनी त्याच्याच खुर्चीत बसून जेवत होता. त्याने बॅग तिथेच सोडली. खाली वाकून जमिनीला उलटा हात लावला. गार होती, रस्ता पहाटे असतो तशी. केवढाही असला तरी रस्ता रस्ताच, त्याने तो पाठ मोडून कापलेला होता. त्याने एक सणसणीत शिवी हासडली, बाह्या वर केल्या आणि चालायला लागला.

पुढे, फार पुढे, म्हातारी कोणालातरी म्हणत होती, “अजून घ्या ना थोडं.”